नदीत जन्मलेला मासा आणि केंद्रात वाढलेला मासा

पावसाळा स्थिरावला, की वर्तमानपत्रांतून एक बातमी हटकून वाचावयास मिळते. अमुक धरणात किंवा नदीत इतके लाख मत्स्यबीज सोडण्यात आले, असे तीत म्हटलेले असते. सोबत छायाचित्र असते. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांची तोंडे सोडली जात आहेत आणि बोटाएवढी पिले पाण्यात उतरत आहेत, असे ते दृश्य असते. मच्छीमार ज्यांना ‘बोटुकली’ म्हणतात, तीच ही पिले. दृश्य मनाला समाधान देणारे असते, यात शंका नाही. परंतु त्या बातमीत एक प्रश्न सहसा नसतो. या पिलांपैकी किती मोठी झाली, मोठी झालेल्यांनी नदीत अंडी घातली काय, आणि त्या अंड्यांतून पुढची पिढी उभी राहिली काय?

या लेखात आम्ही याच प्रश्नाचा अभ्यास मांडणार आहोत. सोयीसाठी दोन शब्द आरंभीच ठरवून घेऊ. ज्याचे आईबाप नदीत जोडीने आले आणि ज्याचा जन्मही नदीतच झाला, त्या माशाला आम्ही ‘नदीजात’ म्हणू. ज्याची अंडी माणसाने हाताने काढली, उबविली आणि ज्याला हौदात वाढवून मग पाण्यात सोडले, तो ‘केंद्रजात’ होय. दोघेही दिसावयास सारखेच असतात. नदीच्या दृष्टीने ते सारखे आहेत काय, एवढाच येथे विषय आहे.

आपट्याचे पाणी कोठून येते

हा विषय आपट्याच्या वाचकाला दूरचा वाटण्याचे कारण नाही. आपल्या गावाजवळून पाताळगंगा वाहते. कोकणातील बहुतेक लहान नद्या होळीनंतर आटू लागतात, परंतु पाताळगंगेला उन्हाळ्यातही पाणी असते. याचे कारण सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवता या टाटांच्या तलावांचे पाणी खंडाळ्याच्या कड्यावरून मोठ्या नळांवाटे पाचशे मीटरांहून अधिक खाली उतरते आणि खोपोलीच्या वीजगृहातील चक्रे फिरवून पाताळगंगेला मिळते. हे वीजगृह १९१५ साली सुरू झाले. जे पाणी मूळच्या उताराने इंद्रायणी, भीमा आणि कृष्णा या मार्गाने पूर्वेच्या समुद्राला जावयाचे, ते शंभराहून अधिक वर्षे आपल्या दारावरून पश्चिमेला वाहत आहे.

याच वळवण तलावाच्या काठी महाशीर माशाचे उबवणी केंद्र आहे आणि भारतातील अशा केंद्रांत त्याचे स्थान अग्रभागी आहे. नदीजात आणि केंद्रजात माशांच्या तुलनेचा जगातील सर्वांत बारकाईने झालेला अभ्यास सामन या माशावर अमेरिकेत झाला, तर आपल्याकडील सर्वांत बोलके उदाहरण या लोणावळ्याच्या महाशीराचे आहे. म्हणून आधी सामनची हकीकत पाहू आणि मग घाटमाथ्यावर परत येऊ.

सामनचा प्रवास आणि माणसाचा उपाय

सामन हा थंड प्रदेशातील मासा आहे. त्याचा जन्म डोंगरातील ओढ्यानदीत होतो, तारुण्य समुद्रात जाते आणि अंडी घालण्यासाठी तो पुन्हा आपल्या जन्मनदीत परततो. जन्मस्थानाच्या पाण्याचा गंध तो ओळखतो, असे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी तळाच्या वाळूगोट्यांत खळगा करते, त्यात अंडी सोडते आणि त्याच क्षणी शेजारी असलेला नर ती फलित करतो. त्यानंतर मादी वरून गोटे लोटून तो खळगा झाकते. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या पावसात ‘चढणीचे मासे’ ओढ्यांतून आणि शेतांच्या बांधांवरून वर चढतात, त्यावरून या प्रवासाची कल्पना यावी. आपले मासे समुद्रापर्यंत जात नसले, तरी अंड्यांसाठी प्रवाहाच्या उलट जाण्याची ओढ तीच आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकात या माशाची प्रचंड मासेमारी झाली. मासा घटू लागताच त्याची पिले कृत्रिम रीतीने तयार करण्याचा उपाय पुढे आला. १८७२ साली कॅलिफोर्नियात मॅक्लाउड नदीकाठी आणि १८७७ साली कोलंबिया नदीच्या खोऱ्यात उबवणी केंद्रे निघाली. पुढे कोलंबियावर मोठमोठी धरणे बांधली गेली. १९४२ साली पूर्ण झालेल्या ग्रँड कूली धरणाने तर वरच्या खोऱ्याची वाट माशांसाठी कायमची बंद केली. नदी अडविली तरी हरकत नाही, पिले केंद्रात तयार करू आणि खालच्या पाण्यात सोडू, असा विश्वास त्यामागे होता. त्या विश्वासापोटी वर्षानुवर्षे कोट्यवधी पिले सोडण्यात आली.

केंद्रात पिले मोठ्या संख्येने जगतात, हे खरेच आहे. नदीतील शंभर अंड्यांपैकी समुद्रापर्यंत पोहोचणारी पिले थोडीच असतात. गाळ, पूर, पक्षी, मोठे मासे आणि उपासमार यांत बहुतेक नष्ट होतात. केंद्रातील शंभर अंड्यांपैकी बहुसंख्य जगतात. म्हणून केवळ पिलांची संख्या मोजली, तर केंद्र नेहमीच जिंकते. परंतु नदीच्या दृष्टीने खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

हूड नदीवरील हिशेब

या परीक्षेचे गुण मोजण्याची संधी ऑरेगन राज्यातील हूड नदीवर मिळाली. ही कोलंबियाची एक उपनदी आहे. तेथे पॉवरडेल नावाचे लहान धरण होते. समुद्रातून परतणाऱ्या प्रत्येक माशाला त्या धरणापाशी अडवून, तपासून, मग वर सोडता येत असे. ज्या जातीवर अभ्यास झाला, तिला ‘स्टीलहेड’ म्हणतात. सामनच्या कुळातील हा समुद्रात जाऊन परतणारा ट्राउट आहे. केंद्रातून सोडलेल्या पिलांचा शेपटीजवळील लहानसा मांसल पर आधीच कापलेला असल्यामुळे केंद्रजात मासा नुसत्या नजरेने ओळखता येई. प्रत्येक माशाचे एकदोन खवले काढून ठेवीत. वर्षांमागून वर्षे हा संग्रह वाढत गेला.

पुढे ऑरेगन राज्य विद्यापीठातील हितोशी अराकी, बेकी कूपर आणि मायकेल ब्लाउइन या संशोधकांनी त्या खवल्यांतील डीएनए तपासून सुमारे १५ हजार माशांच्या वंशावळीचा शोध घेतला. हा मासा कोणाचा मुलगा आणि ही मादी कोणाची नात, हे ठरविता येऊ लागले. मग हिशेब सरळ होता. एका नदीजात माशाची सरासरी किती अपत्ये मोठी होऊन नदीत परतली, आणि एका केंद्रजात माशाची किती? दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले, की जो अपूर्णांक येतो, त्याला ‘सापेक्ष प्रजननयश’ म्हणतात. उदाहरणादाखल समजा, नदीजात माशाची सरासरी २ अपत्ये परतली आणि केंद्रजात माशाची १, तर केंद्रजाताचे सापेक्ष प्रजननयश ०.५ झाले. दोन्ही समान असतील तर उत्तर १ येईल.

२००७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की केंद्रात काढलेल्या प्रत्येक पिढीगणिक माशाची नदीतील प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. विद्यार्थ्यांनी हे गणित पुढे चालवून पाहावे. पहिल्या पिढीनंतर १ चे ०.६ होतात, दुसरीनंतर ०.३६ आणि तिसरीनंतर ०.२१६ उरतात. प्रत्यक्षात प्रत्येक नदीत घट याच दराने होईल, असे नाही. परंतु तीन पिढ्यांत पाचाचा एक उरावा, इतकी ही उतरण तीव्र असू शकते, हे त्यातून कळते.

येथे कोणी शंका काढील, की हौदात वाढल्यामुळे मासा दुबळा झाला असेल, त्यात वंशाचा काय संबंध? संशोधकांनी हीच शंका आधी विचारात घेतली होती. त्यांनी एकाच केंद्रात, सारख्याच हौदांत, सारख्याच खाद्यावर वाढलेल्या दोन गटांची तुलना केली. एका गटाचे दोन्ही पालक नदीजात होते. दुसऱ्या गटाचा एक पालक केंद्रजात होता. वाढविण्याची रीत एकच असूनही दुसरा गट नदीत मागे पडला. म्हणजे फरक वंशातून उतरला होता. २००९ साली याच अभ्यासगटाने आणखी एक गोष्ट दाखविली. ज्यांचे दोन्ही पालक केंद्रजात, परंतु ज्यांचा स्वतःचा जन्म नदीतच झाला, अशा माशांचेही प्रजननयश नदीजात पालकांच्या अपत्यांच्या ३७ टक्केच भरले. नदीने जन्म दिला, तरी मागील पिढीचा ठसा पुसला गेला नाही.

पुढे २०१४ साली मार्क क्रिस्टी, मायकेल फोर्ड आणि ब्लाउइन यांनी सामन कुळातील चार जातींवरच्या सहा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. स्थानिक नदीजात पालकांपासून नुकतीच केंद्रात तयार केलेली पिढीही नदीत सरासरी निम्मेच यश मिळविते, असे त्यांना आढळले.

असे का घडते

याचे मूळ निवडीत आहे. नदी आणि हौद या दोन वेगवेगळ्या परीक्षा आहेत आणि एका परीक्षेत पहिला येणारा दुसरीतही पहिला येईल, असे नसते. नदीत पाण्याचा वेग आहे, शत्रू आहेत, खाद्य शोधावे लागते, जोडीदार मिळवावा लागतो आणि खळग्याची जागा निवडावी लागते. हौदात यांतील काहीच नाही. तेथे गर्दी आहे आणि वरून पडणारे खाद्य आहे. जो पिलू गर्दीत न बिचकता पुढे येऊन अधिक खातो, तो हौदात अधिक वाढतो. नदीत मात्र असा धीट पिलू बगळ्याच्या चोचीत आधी सापडतो. २०१२ साली क्रिस्टी व सहकाऱ्यांनी हूड नदीच्याच माशांत ही देवघेव उघड करून दाखविली. ज्या पालकांची संतती केंद्रात सर्वांत यशस्वी ठरली, त्यांचीच संतती नदीत सर्वांत कमी यशस्वी ठरली. हा बदल एकाच पिढीत दिसून आला.

दुसरे उदाहरण अंड्यांचे आहे. नदीत मोठ्या अंड्यातून निघालेले पिलू सशक्त असते आणि अडचणीत तग धरते, म्हणून निसर्ग अंड्यांचा आकार फार लहान होऊ देत नाही. केंद्रात लहान अंड्यातील पिलूही जगते. तेथे थोडी मोठी अंडी घालण्यापेक्षा पुष्कळ लहान अंडी घालणाऱ्या मादीचा वंश अधिक वाढतो. कॅनडातील चिनूक जातीच्या केंद्रजात सामनमध्ये अंड्यांचा आकार काही पिढ्यांतच घटत गेल्याचे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

तिसरे कारण पालकांच्या संख्येचे आहे. पुष्कळ अंड्यांना एकदोन नरांचेच वीर्य पुरते, म्हणून कामाच्या घाईत थोडेच नर वापरण्याचा मोह होतो. अशाने वंशातील विविधता किती घटते, हे एका सूत्राने मोजता येते. नरांच्या आणि माद्यांच्या संख्येचा गुणाकार करावा, त्याची चौपट करावी आणि तिला नर व माद्या यांच्या बेरजेने भागावे. २० नर आणि २० माद्या असतील, तर उत्तर ४० येते. २ नर आणि ३८ माद्या असतील, तर मासे तेवढेच ४० असूनही उत्तर ७.६ येते. म्हणजे वंशाच्या दृष्टीने त्या केंद्रात चाळीस नव्हे, आठही मासे नाहीत. लाखो पिले दिसतील, परंतु ती सारी एकमेकांची सख्खी-सावत्र भावंडे असतील.

एक उलट उदाहरण

यावरून उबवणी केंद्रे निरुपयोगीच, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. अमेरिकेतील आयडाहो राज्यात जॉन्सन क्रीक नावाच्या प्रवाहात चिनूक सामन फार कमी उरला होता. तेथील नेझ पर्स या आदिवासी समाजाने चालविलेल्या कार्यक्रमात एक नियम कटाक्षाने पाळला गेला. पालक म्हणून दरवर्षी केवळ त्याच प्रवाहातील नदीजात मासे घ्यावयाचे, केंद्रजात मासा पुन्हा पालक म्हणून वापरावयाचा नाही. २०१२ साली त्याचा डीएनए-आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. केंद्रात नेलेल्या माशांपासून परत आलेली प्रौढ अपत्ये, नदीतच राहिलेल्या माशांच्या तुलनेत सरासरी साडेचार पट भरली आणि नातवंडे अडीच पट भरली. नदीजात जोडीदाराशी जुळलेल्या केंद्रजात माशाचे प्रजननयशही लक्षणीय घटलेले दिसले नाही.

या दोन्ही अभ्यासांत एक गोष्ट समान आहे, तिच्याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. दोन्ही ठिकाणी सोडलेली पिले मोजून कोणी थांबले नाही. परतलेली अपत्ये मोजली आणि नातवंडेही मोजली. म्हणूनच एका ठिकाणचे अपयश आणि दुसऱ्या ठिकाणचे यश, दोन्ही नेमके कळू शकले.

वळवणचा महाशीर

आता आपल्या घाटमाथ्याकडे वळू. महाशीर हा आपल्या नद्यांतील मोठ्या खवल्यांचा, बलवान आणि स्वच्छ वाहत्या पाण्याची आवड असलेला मासा आहे. दख्खनच्या महाशीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतील माशांवरून केले. त्याचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’. नदीकाठच्या देवस्थानांनी हा मासा कित्येक ठिकाणी सांभाळला आहे. आपल्याच रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडीचे मासे ‘देवाचे मासे’ म्हणून कोणी पकडत नाही.

धरणे, प्रदूषण आणि सुरुंगाने किंवा विष घालून केलेली मासेमारी यांमुळे विसाव्या शतकात महाशीर झपाट्याने घटला. तेव्हा मत्स्यतज्ज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्यात त्याच्या अंड्यांचा व पिलांच्या वाढीचा अभ्यास केला. त्यांचे त्यावरील लेखन १९७० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. पावसाळ्यात परिपक्व झालेल्या मादीचे पोट हळुवार दाबून अंडी काढावयाची, नराच्या वीर्याशी मिसळावयाची आणि वाहत्या स्वच्छ पाण्यात ठेवावयाची. साधारण तीन दिवसांत पिले बाहेर येतात. कार्प जातीच्या माशांच्या मानाने महाशीर अंडी कमी घालतो, म्हणून या कामात फार सावधगिरी लागते. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांच्या परिश्रमांतून वळवणचे केंद्र नावारूपाला आले. तेथून आजवर एक कोटीहून अधिक पिले देशातील निरनिराळ्या राज्यांना देण्यात आली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ‘संकटग्रस्त’ असलेली ही जात आता ‘किमान चिंता’ या वर्गात आली आहे. आमच्या मते या कार्याबद्दल कृतज्ञता बाळगणे उचित आहे, आणि कृतज्ञ राहूनच त्याची दुसरी बाजू पाहणेही उचित आहे.

कावेरीत काय झाले

दक्षिणेत कावेरी नदीत महाशीराची एक निराळी जात आहे. तिच्या पाठीवर उंचवटा असतो, म्हणून तिला ‘कुबड्या महाशीर’ म्हणता येईल. पन्नास किलोंहून अधिक वजनाची नोंद असलेला हा मासा गळाने मासेमारी करणाऱ्यांत जगप्रसिद्ध होता. कावेरीतील महाशीर घटत आहे, असे पाहून १९७० च्या दशकापासून तेथे लोणावळ्याची पिले सोडण्यात आली. हेतू नदी समृद्ध करण्याचा होता. परंतु लोणावळ्याचा निळसर परांचा महाशीर हा कृष्णा खोऱ्यातील घाटमाथ्याचा आणि कावेरीचा कुबड्या निराळा, हा भेद तेव्हा स्पष्ट झालेला नव्हता. सारे महाशीर एकच, असे गृहीत धरले गेले.

कावेरीकाठच्या गळीबोरे येथील मासेमारी तळावर पकडून परत सोडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या जात. १९९८ ते २०१२ या काळातील त्या नोंदींचा अभ्यास एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केला. निळसर परांचे महाशीर वाढत गेले होते. कुबड्या महाशीर थोडे उरले होते आणि जे सापडत, ते बहुतांशी मोठे, वयस्क होते. ज्या घरात केवळ वृद्ध दिसतात आणि पाळणा हलत नाही, त्या घराचे भविष्य सांगण्यास ज्योतिषी लागत नाही.

२०१८ साली पुण्याचे नीलेश डहाणूकर यांचाही सहभाग असलेल्या संशोधकगटाने हा कुबड्या मासा म्हणजे ‘टॉर रेमादेवी’ ही जात असल्याचे सिद्ध केले. त्या जातीचे प्रथम वर्णन २००७ साली केरळातील पांबार नदीच्या माशांवरून झाले होते. त्याच २०१८ साली तिची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात झाली. जगातील सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एकाला शास्त्रीय नाव नीटपणे मिळाले, तेव्हा तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर होता. धरणे, वाळूउपसा आणि अवैध मासेमारी हीदेखील त्याच्या ऱ्हासाची कारणे आहेत. तथापि बाहेरून आलेल्या जातभाईची स्पर्धा त्यात भर घालणारी ठरली.

हूड नदी आणि कावेरी यांची कथा वरवर परस्परविरुद्ध वाटेल. हूड नदीत केंद्राचे मासे नदीत पुरेसे वाढले नाहीत, ही अडचण होती. कावेरीत ते वाढले, हीच अडचण झाली. पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. मासा आणि त्याची नदी यांचे नाते हजारो वर्षांत घडलेले असते. केंद्र ते नाते एका पिढीत सैल करू शकते, आणि मासा परक्या नदीत सोडला तर तेथील दुसऱ्याचे नातेही तोडू शकते. म्हणून कोणत्याही मत्स्यबीज सोडण्याच्या उपक्रमाला तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो. पिले ज्या नदीत सोडावयाची, त्याच नदीच्या पालकांची ती आहेत काय? पालकांत नर व माद्या पुरेशा संख्येने घेतल्या आहेत काय? आणि चारपाच वर्षांनी नदीत जन्मलेली पिढी मोजण्याची व्यवस्था आहे काय?

विद्यार्थ्यांसाठी एक स्पष्टीकरण

आमच्या शाळेतील मुले घरापासून दूर वसतिगृहात राहतात. हा लेख वाचून एखाद्याच्या मनात येईल, की आपणही हौदातील पिलांसारखे आहोत काय? तसे मुळीच नाही. माशांमध्ये जे घडले, ते कोण जगला आणि कोणाचा वंश चालला, या निवडीमुळे घडले. शिक्षणात अशी निवड नसते, तेथे प्रत्येकाची वाढ हाच हेतू असतो. ज्ञान, सवयी आणि धैर्य या गोष्टी माणूस एकाच आयुष्यात मिळवितो. तरीही एक छोटा प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टीलहेडच्या पिलांच्या हौदात केवळ काही दगड ठेवले गेले. त्या दगडांच्या आडोशाने वाढलेल्या पिलांत हालचालींचा तोल सांभाळणारा मेंदूचा भाग रिकाम्या हौदातील पिलांपेक्षा मोठा आढळला. वाढीला सुरक्षितता हवी, तशीच थोडी विविधता आणि थोडे अडथळेही हवेत, एवढा अर्थ त्यातून घेण्यास हरकत नाही.

पाताळगंगेसाठी आपण काय करावे

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत पाताळगंगेचा समावेश झालेला आहे. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी ज्या पाण्यात मिसळते, त्यात कोठून तरी आणलेली लाख पिले सोडून नदी सुधारणार नाही. आधी पाणी, मग मासा, हा क्रम उलटता येत नाही.

परंतु आपल्या हाती एक उपाय आहे आणि त्याला ना हौद लागतो, ना निधी. पहिल्या पावसात आपल्या परिसरातील ओढ्यांतून चढणीचे मासे वर येतात, तेव्हा त्यांच्या पोटात गाबोळी भरलेली असते. ते खाण्याची कोकणात जुनी आवड आहे आणि ती आम्हांस ठाऊक नाही असे नाही. पण वर सविस्तर मांडलेला अभ्यास ध्यानात घेतला, तर त्या मादीची खरी किंमत कळते. याच ओढ्याच्या परीक्षेत ती उत्तीर्ण झालेली आहे. याच पाण्याचा गाळ, पूर आणि बगळे चुकवून ती वाढली आहे. कोणत्याही केंद्राला विकत आणता येणार नाही, असा वारसा तिच्या पोटात आहे. पहिल्या चढणीचे निदान दोन आठवडे ओढ्यांच्या तोंडाशी जाळी आणि येंडी लावू नयेत, वर जाणारी मादी अंडी घालीपर्यंत तिला वाट द्यावी, आणि ओढ्याच्या तळाचे वाळूगोटे उपसू नयेत. गावाने ठरविले, तर एवढे होण्यासारखे आहे.

शाळेच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी आणखी एक काम हाती घ्यावे. दर पावसाळ्यात एकच ठरलेला ओढा, एकच ठरलेली जागा आणि ठरलेले दिवस घेऊन किती जातींचे मासे चढताना दिसले, याची वही ठेवावी. मासा न पकडता नुसते पाहून नोंद करावी. ओढ्याच्या पाण्यात उतरण्याची गरज नाही. शिक्षकांसह काठावरूनच हे काम करावे. कावेरीतील महाशीराची अवस्था जगाला कळली, ती मासेमारी तळावर वर्षानुवर्षे ठेवलेल्या साध्या नोंदींमुळे. हूड नदीचे रहस्य उलगडले, ते जपून ठेवलेल्या खवल्यांमुळे. आमच्या विद्यार्थ्यांची वही आज लहान दिसेल, पण दहा वर्षे अखंड चालली, तर आपट्याच्या ओढ्यांत पुढची पिढी जन्मते आहे की नाही, याचे उत्तर गावाला त्या वहीत सापडेल.